वाडीवरून गेलेल्या माणसांची नोंद

महाड आणि पोलादपूर तालुक्यांतल्या आदिवासीवाड्या दिवाळीनंतर रिकाम्या होऊ लागतात. भातकापणी आटोपली, झोडणीची मजुरी संपली की कातकरी कुटुंबे कोळशाच्या आणि विटांच्या भट्ट्यांवर निघतात. टेम्पोत भांडीकुंडी, कोंबड्या, कुत्रे आणि लहान मुले एकत्रच चढतात. परत यायचे ते पावसाच्या तोंडावर. मधल्या सहा-सात महिन्यांत कोण कुठल्या माळावर आहे, हे वाडीला कळते ते बहुतेक वेळा मजूर नेणाऱ्या मुकादमाच्या फोनवरून. ज्याचा फोन येत नाही आणि जो जूनमध्ये परतत नाही, त्याची चौकशी कोणी करायची हे ठरलेले नाही. आदिवासी माणसे बेपत्ता होणे, परमुलखात मरणे किंवा मारली जाणे आणि त्याचा मागमूसही सरकारी कागदांवर न उरणे, हा प्रश्न कॅनडात आणि अमेरिकेत गेली काही दशके मोठ्या चळवळीचा विषय झाला आहे. रायगडच्या या डोंगराळ भागात तोच प्रश्न रोजगाराच्या आड दडून राहिला आहे.

कातकरी ही महाराष्ट्रातल्या तीन अतिअसुरक्षित आदिम जमातींपैकी एक. दुसऱ्या दोन म्हणजे कोलाम आणि माडिया गोंड. २०११च्या जनगणनेत राज्यातील कातकऱ्यांची संख्या २,८५,३३४ होती. ठाणे, पालघर आणि रायगड हे त्यांचे मुख्य जिल्हे. खैराच्या गाभ्याचे तुकडे उकळून कात काढणे हा त्यांचा जुना धंदा. एकोणिसाव्या शतकात इंग्रज सरकारने जंगले राखीव केली, खैरतोडीवर बंधने आली आणि कात काढणारा माणूस आपल्याच रानात चोर ठरला. डोंगरउतारावरच्या दळी जमिनींवर नाचणी-वरी पिकवून काही कुटुंबे तग धरून राहिली, पण दळीचा सातबारा त्यांच्या नावावर कधी झाला नाही. वन हक्क कायदा २००६ साली आला, त्यानंतरही दळीचे दावे वर्षानुवर्षे रेंगाळत राहिले. जमीन नाही म्हणून मजुरी करावी लागते, आणि गावातली मजुरी भातापुरतीच असते. भट्टीचा रस्ता इथून सुरू होतो.

घराखालची जागाही पुष्कळदा आपली नसते. अनेक वाड्या खाजगी मालकाच्या किंवा वनखात्याच्या जमिनीवर वसल्या आहेत. ‘अमुक गावाची आदिवासीवाडी’ एवढीच त्यांची ओळख असते. स्वतंत्र महसुली गाव म्हणून त्यांना नाव नाही. पोलीस पाटील मूळ गावातला, ग्रामपंचायतही तिथलीच. वाडीवर काय झाले ते खाली गावात पोचेपर्यंत दिवस जातात.

त्यात एक अडचण नकाशाची आहे. रायगड जिल्ह्यात आदिवासींची लोकसंख्या तीन लाखांच्या वर असूनही जिल्ह्याचा कुठलाच भाग राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीतल्या क्षेत्रात येत नाही. त्यामुळे अशा क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा ‘पेसा’ हा १९९६चा कायदा इथल्या वाड्यांना लागू नाही, आणि अनुसूचित क्षेत्रातल्या जव्हार-मोखाड्याच्या ग्रामसभेला जे अधिकार आहेत ते महाड-पोलादपूरच्या वाडीला नाहीत. आदिवासी विकास विभागाचे जिल्ह्यासाठीचे प्रकल्प कार्यालय पेणला आहे. पोलादपूरच्या डोंगरातल्या माणसाला तिथे जायचे म्हणजे महामार्गावरून शंभर किलोमीटरच्या वर प्रवास, एका दिवसाची मजुरी आणि एसटीचे भाडे. हरवलेल्या माणसाच्या तक्रारीसाठी हा खर्च करायला कुटुंबाकडे पैसे नसतात, कारण जे काही होते ते मुकादमाकडून आगाऊ घेतलेल्या पैशांच्या, म्हणजे उचलीच्या, फेडीत आधीच संपलेले असते.

उचल हा या सगळ्या व्यवहाराचा कणा आहे. पावसाळ्यात, श्रावण-भाद्रपदात, वाडीत हाताला काम नसते. घरात तांदूळ संपलेला असतो, कोणी आजारी असते, कुणाचे लग्न राहिलेले असते. नेमक्या अशा वेळी मुकादम पैसे घेऊन येतो. ही रक्कम कुटुंबाच्या अंगावर चढते आणि ती फेडायला नवरा-बायको, अनेकदा मोठी मुलेसुद्धा, भट्टीवर जातात. तिथे आठवड्याला बाजारापुरती खर्ची मिळते. हिशोब हंगाम संपल्यावर होतो. वही मालकाकडे असते, आणि वाचता न येणाऱ्या माणसाला त्या वहीत आपल्या नावापुढे काय लिहिले आहे ते कळत नाही. पैसे फिटले नाहीत असे सांगितले की पुढचे वर्षही बांधले गेले. सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली, दिल्लीच्या एशियाड बांधकामावरील मजुरांच्या प्रकरणात, किमान वेतनापेक्षा कमी पैशांत करून घेतलेले काम ही सक्तीची मजुरीच आहे असा निर्वाळा दिला. त्याआधी १९७६चा वेठबिगार निर्मूलन कायदा झालेला होता. उचलीचा हा व्यवहार या दोन्हींच्या कचाट्यात सरळ सापडतो, तरी तो वाडीवाडीत उघडपणे चालतो.

कोळशाची भट्टी पाहिली म्हणजे माणूस तिथे नजरेआड कसा होतो ते कळते. विटांच्या भट्टीवर निदान वीस-पंचवीस कुटुंबे एकत्र असतात, ट्रकची ये-जा असते, रस्ता जवळ असतो. कोळसा पाडणारे कुटुंब एकटे असते, फार तर दोन-तीन कुटुंबे. घाटावरच्या जिल्ह्यांत किंवा थेट कर्नाटकात, वेड्या बाभळीने भरलेल्या एखाद्या पडीक रानात त्यांना सोडले जाते. झाडे तोडायची, बुंधे खणून काढायचे, लाकडे गोलाकार रचून त्यांचा ढीग करायचा, त्यावर पालापाचोळा आणि माती लिंपायची आणि आतून पेटवायचे. ही भट्टी कित्येक दिवस धुमसत राहते. रात्रंदिवस पहारा द्यावा लागतो, कारण कुठे भेग पडून हवा आत शिरली तर लाकडाची राख होते आणि सगळी मेहनत वाया जाते. भेग बुजवायला ढिगावर चढावे लागते. आतले लाकूड जळून पोकळी झाली असेल तर पाय आत जातो. मग पाणी मारून भट्टी विझवायची, कोळसा वेचायचा, चाळायचा, पोत्यांत भरायचा. मजुरी पोत्यावर. मुले त्या धुरातच खेळतात आणि झोपतात. जवळच्या गावाला हे लोक नावाने माहीत नसतात. ते फक्त कोळसेवाले असतात. रान संपले की मुकादम त्यांना दुसऱ्या रानात हलवतो, आणि वाडीवरच्या म्हाताऱ्या आईला हे ठाऊकही नसते.

अशा ठिकाणी कोणी भाजला, कोणाला साप चावला, कोणाला मारहाण झाली, एखाद्या बाईवर अत्याचार झाला किंवा एखादी पोरगी दिसेनाशी झाली, तर त्याची खबर देणारा माणूस एकच असतो: ज्याच्या विरोधात ती खबर जाऊ शकते तो मुकादम किंवा मालक. तोच डॉक्टरकडे नेणार, तोच पोलिसांशी बोलणार, तोच वाडीला कळवणार. मृत्यू झाला तर अंत्यविधी पुष्कळदा तिथेच उरकला जातो, कारण मृतदेह शेकडो किलोमीटर आणायला पैसे नसतात. शवविच्छेदन होत नाही, मृत्यूची नोंद होत नाही. ‘आजारी पडून गेला’ एवढेच वाडीला कळते. ते खरे असेलही. खरे नसेल तर शोधण्यासाठी काहीच मागे राहत नाही.

नाशिक जिल्ह्यातल्या इगतपुरी तालुक्यात २०२२च्या सप्टेंबरात जे उघडकीस आले, त्याने हे सगळे एकदम लोकांसमोर आणले. उभाडे येथील कातकरी वस्तीतली दहा वर्षांच्या आसपासची एक मुलगी अहमदनगर जिल्ह्यातल्या मेंढपाळाकडे कामाला ठेवलेली होती. एका रात्री तिला बेशुद्ध अवस्थेत आईबापांच्या झोपडीबाहेर आणून टाकण्यात आले. तिच्या अंगावर जखमा होत्या. रुग्णालयात तिचा मृत्यू झाला. चौकशी सुरू झाल्यावर कळले की ती एकटी नव्हती. थोडे पैसे आणि एखादी मेंढी यांच्या बदल्यात कातकऱ्यांची लहान मुले मेंढ्या राखायला नेली जात होती. श्रमजीवी संघटनेने हा प्रश्न लावून धरला. त्यानंतर नाशिक आणि अहमदनगर जिल्ह्यांतून आणखी मुले सोडवली गेली आणि वेठबिगारी, बालमजुरी व अत्याचार प्रतिबंधक कायद्यांखाली गुन्हे दाखल झाले. यातली मुले महिनोन्‌महिने घरी नव्हती. तरी कुठल्याही पोलीस ठाण्याच्या दृष्टीने ती बेपत्ता नव्हती, कारण तशी तक्रार कोणीच केलेली नव्हती. शाळेच्या पटावर ज्यांची नावे होती त्यांच्यापुढे गैरहजेरी लागत होती, एवढेच.

त्याच्या वर्षभर आधी, जुलै २०२१मध्ये, पालघर जिल्ह्यातल्या मोखाडा तालुक्यात एका कातकरी मजुराने गळफास घेतला. मुलाच्या कफनासाठी त्याने एका शेतमालकाकडून ५०० रुपये घेतले होते आणि ते फेडण्यासाठी तो राबत होता. आत्महत्या म्हणून हा मृत्यू आधी कागदावर आला. श्रमजीवी संघटनेने पाठपुरावा केल्यावर मालकावर गुन्हा नोंदला गेला.

या दोन्ही प्रकरणांत बातमी झाली ती माणूस घरी किंवा घरापाशी होता म्हणून. हे नीट लक्षात घ्यायला हवे. वाडीत घडलेल्या खुनावर समाज खवळून उठतो. डिसेंबर २०२०मध्ये पेण तालुक्यात एका चिमुरड्या आदिवासी मुलीवर अत्याचार करून तिची हत्या झाली, तेव्हा सगळा जिल्हा रस्त्यावर आला होता. पण दूरच्या रानात, भट्टीवर, ज्याचा साक्षीदार फक्त मालकाचा माणूस आहे अशा मृत्यूसाठी कोणी रस्त्यावर येत नाही. तो मृत्यू झाला हेच कळलेले नसते.

आकडेवारीत हे दिसेल अशी अपेक्षा असते, पण आकडेवारीची रचनाच आड येते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या माहितीच्या आधारे केंद्र सरकारने २०२३ साली संसदेत सांगितले की २०१९ ते २०२१ या तीन वर्षांत महाराष्ट्रातून १,७८,४०० महिला आणि १३,०३३ मुली बेपत्ता झाल्याची नोंद आहे. यांत आदिवासी किती, हे त्या तक्त्यांत नाही. बेपत्तांची वर्गवारी वय आणि लिंग यांवर होते, जमातीवर नाही. उलट अनुसूचित जमातींवरच्या अत्याचारांसाठी वेगळे प्रकरण असते. देशभरात २०२२मध्ये असे १०,०६४ गुन्हे नोंदले गेले, २०२३मध्ये १२,९६०. या वाढीत मणिपूरच्या हिंसाचाराचा मोठा वाटा आहे. पण तिथे मोजले जातात ते गुन्हे. ज्याचा गुन्हाच दाखल नाही तो बेपत्ता माणूस पहिल्या तक्त्यात निनावी आणि दुसऱ्यात गैरहजर, असा दोन्हीकडून निसटतो.

आडनावांनीही इथे घोटाळा होतो. पवार, जाधव, वाघमारे, मुकणे ही कातकऱ्यांत सर्रास आढळणारी आडनावे आहेत. पोलीस ठाण्यातल्या मिसिंग रजिस्टरमध्ये ‘पवार, वय अंदाजे २०, मजुरी’ असे लिहिले तर ती मुलगी आदिवासी आहे हे पुढच्या अधिकाऱ्याला समजण्याची सोय उरत नाही. रेशनकार्डावर एक नाव, आधारवर दुसरे, शाळेच्या दाखल्यावर तिसरे असेही होते. जन्मतारीख बहुतेकांची १ जून किंवा १ जानेवारी. फोटो असलाच तर लग्नात कोणाच्या तरी मोबाइलवर काढलेला. जातीचा दाखला अनेकांकडे नसतोच. केंद्र सरकारने १५ नोव्हेंबर २०२३ रोजी देशातल्या ७५ अतिअसुरक्षित आदिवासी गटांसाठी पीएम-जनमन हे अभियान सुरू केले. त्यात घरे, रस्ते, पाणी यांबरोबर आधार आणि जातीचे दाखले काढून देण्याची शिबिरेही आली. घरकुलाची चर्चा जास्त होते. पण हरवलेल्या माणसाच्या शोधासाठी त्या दाखल्याची आणि आधारवरच्या बोटांच्या ठशांची किंमत घरकुलाहून कमी नाही.

अमेरिकेतला अनुभव याच्याशी विलक्षण जुळतो. सिॲटलच्या अर्बन इंडियन हेल्थ इन्स्टिट्यूट या संस्थेने २०१८ साली एक अहवाल काढला. २०१६ या एका वर्षात मूलनिवासी स्त्रिया आणि मुली बेपत्ता झाल्याच्या ५,७१२ तक्रारी तिथल्या राष्ट्रीय गुन्हे माहिती यंत्रणेत होत्या. न्याय विभागाच्या बेपत्ता व्यक्तींच्या यादीत मात्र त्यांपैकी फक्त ११६ चढल्या होत्या. शहरांतले पोलीस वंशाच्या रकान्यात आडनाव किंवा रंग पाहून काहीही लिहीत, कधी गोऱ्यांत टाकत, कधी रकाना मोकळा सोडत. २०१७मध्ये नॉर्थ डकोटातल्या फार्गो शहरात सव्हाना ग्रेविंड या तरुण गर्भवती मूलनिवासी स्त्रीची हत्या झाली. तिच्या नावाने २०२०मध्ये झालेला सव्हाना कायदा मुख्यतः याच गोष्टीसाठी आहे: नोंदी नीट व्हाव्यात, यंत्रणांनी त्या एकमेकांना द्याव्यात आणि मूलनिवासींच्या प्रकरणांत काय करायचे याचे नियम प्रत्येक ठिकाणी ठरलेले असावेत.

कॅनडात मोजणीची सुरुवात सरकारने केली नाही. मूलनिवासी स्त्रियांच्या संघटनेने वर्तमानपत्रांची कात्रणे, न्यायालयाचे कागद आणि घरच्यांच्या आठवणी यांतून यादी तयार केली. २०१०पर्यंत त्यांच्या यादीत ५८२ नावे होती. पोलीस हा आकडा मानायला कचरत होते. २०१४मध्ये तिथल्या राष्ट्रीय पोलीस दलाने स्वतः दप्तर तपासले तेव्हा १९८० ते २०१२ या काळातली १,१८१ प्रकरणे निघाली. त्यांत १,०१७ खून होते आणि १६४ बेपत्ता. लोकसंख्येतल्या स्त्रियांमध्ये मूलनिवासींचे प्रमाण जेमतेम चार टक्के, पण खून झालेल्या स्त्रियांमध्ये सोळा टक्के. पुढे राष्ट्रीय चौकशी आयोग बसला आणि जून २०१९मध्ये त्याने २३१ मागण्यांचा अहवाल दिला. जेमी ब्लॅक या कलावतीने २०१०मध्ये या स्त्रियांच्या आठवणीसाठी झाडांवर, खांबांवर रिकामे लाल झगे टांगायला सुरुवात केली होती. आता ५ मे हा दिवस तिथे लाल झग्यांचा दिवस म्हणून पाळला जातो. ही जागृती नुसती प्रतीकांची राहिली नाही. विनिपेगजवळच्या कचराभूमीत खून झालेल्या दोन मूलनिवासी स्त्रियांचे अवशेष असल्याची शंका होती, आणि तिथे शोध घेणे व्यवहार्य नाही असे पोलिसांनी २०२२मध्ये सांगून टाकले होते. घरच्यांनी आंदोलन सोडले नाही. शोध घ्यावा लागला, आणि २०२५मध्ये दोघींचे अवशेष सापडले.

शोध घ्यायचा म्हटले तर यंत्रणा काय करू शकते, हे महाडकरांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आहे. २ ऑगस्ट २०१६च्या रात्री सावित्री नदीवरचा इंग्रजांच्या काळातला पूल पुराने वाहून गेला आणि दोन एसटी बसगाड्यांसह काही वाहने नदीत पडली. नौदलाचे पाणबुडे, राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या बोटी, तटरक्षक दलाचे हेलिकॉप्टर, क्रेनला बांधलेले लोहचुंबक, स्थानिक कोळी बांधव असे सगळे नदीत उतरले. कितीतरी दिवस खाडीपर्यंत शोध चालला. महाड तालुक्यातल्या तळीये गावावर २२ जुलै २०२१ रोजी दरड कोसळली. शोध थांबवला तेव्हा ५३ मृतदेह मिळाले होते आणि ३१ जण बेपत्ता होते. त्यांना मृत मानण्याचा निर्णय प्रशासनाने घेतला. खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीत, ठाकरांच्या वस्तीत, १९ जुलै २०२३च्या रात्री तसेच झाले. २२८ रहिवाशांपैकी २७ जणांचे मृतदेह हाती आले, ५७ जण मातीखालीच राहिले. तिथे पायवाटेशिवाय रस्ता नव्हता, तरी वाडीत राहणाऱ्यांची नावनिशीवार यादी दोन-तीन दिवसांत तयार झाली. ५७ हा आकडा सांगता आला तो त्या यादीमुळे.

एरवी बेपत्ता माणूस मृत मानायला कायद्याप्रमाणे सात वर्षे लागतात. आपत्तीत सरकार ही अट बाजूला ठेवून नातेवाइकांना मदत देते. भट्टीवरून न परतलेल्या माणसाच्या बायकोला मात्र निराधार योजनेच्या अर्जासाठी नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला मागितला जातो, आणि तो तिच्याकडे असणे शक्यच नसते.

वाडीवर अजूनही असा समज आहे की माणूस हरवल्यावर चोवीस तास थांबावे लागते. असा कुठलाही नियम नाही. तक्रार लगेच देता येते. मूल अठरा वर्षांच्या आतले असेल तर नुसती मिसिंगची नोंद पुरत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १० मे २०१३ रोजी बचपन बचाओ आंदोलनाच्या याचिकेवर आदेश दिला की प्रत्येक हरवलेल्या मुलाच्या बाबतीत अपहरण किंवा तस्करी झाली असे गृहीत धरून गुन्हा नोंदलाच पाहिजे. चार महिन्यांत मूल सापडले नाही तर तपास मानवी तस्करी प्रतिबंधक कक्षाकडे जातो. हद्दीची सबबही आता चालत नाही. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदण्याची तरतूद स्पष्ट लिहिली आहे. माणूस कर्नाटकातल्या रानातून गायब झाला असला तरी गुन्ह्याची तक्रार पोलादपूर ठाण्याने घ्यायची आणि तिकडे पाठवायची. ‘जिथे हरवला तिथे जा’ हे उत्तर ऐकून परतलेल्या कुटुंबांना ही एक गोष्ट माहीत असती, तर काही शोध वेळेवर सुरू झाले असते.

दुसरी मोठी ताकद अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याची. १९८९च्या या कायद्याखाली आदिवासीला वेठबिगारीत ठेवणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. तपास उपअधीक्षकापेक्षा खालच्या अधिकाऱ्याकडे देता येत नाही. गुन्हा नोंदण्याआधी प्राथमिक चौकशीची गरज नाही, असे २०१८च्या दुरुस्तीने सांगितले. कर्तव्यात जाणूनबुजून कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यालाही शिक्षा आहे. पण हा कायदा लागायला पीडित व्यक्ती आदिवासी असल्याचे कागदावर यावे लागते, म्हणजे गाडी पुन्हा जातीच्या दाखल्यापाशी येते.

वेठबिगारीतून सोडवलेल्या माणसाला मुक्ततेचा दाखला द्यायचा असतो. तो प्रांताधिकारी किंवा जिल्हाधिकारी देतात. महाड आणि पोलादपूर हे दोन्ही तालुके महाडच्या प्रांत कार्यालयाखाली येतात, त्यामुळे निदान हा टप्पा जवळ आहे. केंद्राच्या योजनेत प्रौढ पुरुषाला १ लाख, स्त्रिया आणि मुलांना २ लाख, आणि तस्करी वा लैंगिक शोषणासारख्या गंभीर प्रकरणांत ३ लाख रुपये पुनर्वसन साहाय्य आहे. ३० हजारांपर्यंतची तातडीची मदत खटल्याच्या निकालावर अवलंबून नाही. दाखला न देता नुसते गाडीत बसवून वाडीवर आणून सोडले तर ही मदत बुडते, आणि पुढच्या श्रावणात तोच मुकादम पुन्हा दारात उभा राहतो.

जागृतीचे काम कोकणात मुळात संघटनांनी केले. विवेक आणि विद्युल्लता पंडित यांच्या श्रमजीवी संघटनेने १९८२पासून वसई-भिवंडीकडे वेठबिगार सोडवले. त्यांच्या ‘विधायक संसद’ या संस्थेने वीटभट्ट्यांवर मुलांसाठी भोंगाशाळा चालवल्या. रायगडात उल्का महाजन यांच्या सर्वहारा जन आंदोलनाने १९९०पासून माणगाव, रोहा, महाड या पट्ट्यात दळीच्या आणि वनजमिनीच्या हक्कांसाठी कातकऱ्यांना एकत्र आणले. जमिनीचे काम आणि बेपत्ता माणसांचे काम वेगळे वाटते, पण ज्याला वाडीवर पोट भरता येते तो उचल घेत नाही.

शासनाकडे साधनेही आहेत. हंगामात स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड आहे. गरोदर माता आणि लहान मुलांचा ठावठिकाणा ठेवण्यासाठी महिला व बालविकास विभागाने २०२२मध्ये स्थलांतर नोंदणीचे ॲप राज्यभर आणले. यांत बावीस वर्षांचा तरुण कुठेच बसत नाही, तसेच अठरा वर्षांची अविवाहित मुलगीही नाही, आणि सर्वांत जास्त धोका याच वयाला असतो. टेम्पो निघण्याच्या दिवशी वाडीवर एक साधी वही असली तरी पुष्कळ काम होईल: जाणाऱ्या प्रत्येकाचे नाव, फोटो, आधार क्रमांक, मुकादमाचे पूर्ण नाव, गाव आणि फोन, गाडीचा क्रमांक, उचलीची रक्कम, जिथे जायचे तो तालुका. अंगणवाडीताई, आशा, ग्रामसेवक किंवा वाडीतली शिकलेली मुलगी, कोणीही ती भरू शकते. एक प्रत पोलीस ठाण्यात द्यायची. होळी हा कातकऱ्यांचा मोठा सण. ज्यांना शक्य असते ते तेवढ्यापुरते तरी घरी येतात. वही उघडून कोण आले नाही ते पाहायची पहिली वेळ तीच.

आदिवासींच्या मृत्यूची जाहीर आठवण ठेवण्याची परंपरा जिल्ह्याला नवी नाही. २५ सप्टेंबर १९३० रोजी उरण तालुक्यातल्या चिरनेरच्या जंगल सत्याग्रहात पोलिसांच्या गोळीबारात जे हुतात्मे झाले, त्यांत नाग्या महादू कातकरी होते. दरवर्षी त्या दिवशी चिरनेरला त्यांना मानवंदना दिली जाते. भट्ट्यांवर गेलेल्यांची नावेही अशा दिवशी वाचली गेली तर ती जिल्ह्याला प्रथमच ऐकू येतील.

मृत्यू बाहेरच झाला असेल तर करायच्या गोष्टी फार नाहीत, पण त्या त्याच दिवशी करायच्या असतात. मृत्यूची नोंद जिथे मृत्यू झाला तिथल्याच ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत होते, वाडीवर परतल्यावर होत नाही. मुदत २१ दिवसांची. वर्ष उलटले तर दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. मृत्यू भाजून, पडून, मारहाणीने किंवा संशयास्पद झाला असेल तर अंत्यविधीआधी तिथल्या पोलिसांना कळवून अकस्मात मृत्यूची नोंद, पंचनामा आणि शवविच्छेदन करून घेणे हा घरच्यांचा हक्क आहे. मालक घाई करत असेल तर ११२ क्रमांकावर फोन लावता येतो. मुलांसाठी १०९८, आणि जाती-जमातींवरच्या अत्याचारांच्या तक्रारीसाठी १४५६६ हे क्रमांक देशात कुठूनही चालतात.